‘थिंग’ : एका इंग्रजी शब्दाचा सभेपासून वस्तूपर्यंतचा प्रवास

१

अतिपरिचित शब्दांची अवस्था घराच्या उंबरठ्यासारखी असते. त्यावरून रोज जाणेयेणे होते; परंतु थांबून त्याकडे पाहण्याचा प्रसंग सहसा येत नाही. इंग्रजीतील ‘थिंग’ हा शब्द या वर्गात अग्रभागी ठेवावा लागेल. दगड ही ‘थिंग’ आहे, मनात आलेली शंका ही ‘थिंग’ आहे, काल घडलेला प्रसंग ‘थिंग’ आहे आणि उद्या करावयाचे काम तेही ‘थिंग’च आहे. नाव आठवले नाही किंवा उच्चारावयाचे नसले म्हणजेही हाच शब्द उपयोगी पडतो. एखाद्या शब्दाने एवढ्या पदार्थांचा भार वाहावयाचा तर त्याला स्वतःचा अर्थ जवळजवळ टाकून द्यावा लागतो, आणि या शब्दाने तो तसा टाकलेला आहे.

या अर्थशून्यतेमुळे दोन घाईचे निष्कर्ष काढले जातात. पहिला असा की, असले शब्द मुळापासूनच पोकळ असून त्यांना सांगण्याजोगा इतिहास नसतो. दुसरा याच्या अगदी उलट आहे. ‘थिंग’ याचा प्राचीन अर्थ ‘सभा’ असा होता हे एकदा कळले म्हणजे तोच त्याचा ‘खरा’ अर्थ आणि आजचा अर्थ म्हणजे त्याची अवनती, असे मानण्याकडे काहींचा कल होतो. पहिला निष्कर्ष पुराव्याने खोटा ठरतो. दुसरा पुराव्याचा दुरुपयोग करतो. हा दुरुपयोग केवळ पंडितांच्या चर्चेपुरता राहिलेला नाही. विसाव्या शतकात त्याला राजकीय रूपही आले होते. म्हणून या शब्दाच्या इतिहासात पुरावा कोठवर जातो आणि कोठे थांबतो, हे काटेकोरपणे पाहणे आवश्यक आहे.

२

‘थिंग’ हा शब्द जर्मानिक शाखेचा सामाईक वारसा आहे. प्राचीन इंग्रजी, प्राचीन फ्रिजियन, प्राचीन सॅक्सन व प्राचीन नॉर्स यांत त्याचे रूप ‘थिंग’ असेच आहे. प्राचीन उच्च जर्मनमध्ये ‘थिंग’ व ‘डिंग’ ही दोन्ही रूपे असून आजच्या जर्मनमध्ये ‘डिंग’ हे रूप स्थिरावले आहे. या सर्व भाषांच्या जुन्या लेखांत ‘सभा’, ‘न्यायसभा’ हा अर्थ कमीअधिक प्रमाणात सापडतो, आणि जसजसे मागे जावे तसतसा तो अधिक ठळक होतो.

या शब्दकुळाची सर्वांत जुनी खूण मात्र जर्मानिक भाषेतील ग्रंथात नसून लॅटिन शिलालेखात आहे. उत्तर इंग्लंडमधील हेड्रियनच्या तटबंदीवर हाउसस्टेड्स येथे रोमन सैन्याचे ठाणे होते. तेथे १८८३ साली इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातील वेदीलेख सापडले. ते रोमन सैन्यात चाकरी करणाऱ्या जर्मन लोकांनी अर्पण केलेले असून त्यांत मार्स या देवाला ‘थिंग्सुस’ असे विशेषण लावलेले आहे. रोमनांचा मार्स म्हणजे या सैनिकांचा ‘तिव’ हा देव असावा आणि ‘थिंग्सुस’ म्हणजे ‘थिंगचा’, अर्थात सभेचा अधिष्ठाता, असा त्याचा अर्थ सामान्यतः स्वीकारला गेला आहे. याला वारांच्या नावांतही आधार मिळतो. रोमनांच्या मार्सवाराला इंग्रजांनी तिव याचे नाव देऊन ‘ट्यूझडे’ म्हटले. जर्मनांचा ‘डीन्सटाग’ व डचांचा ‘डिन्सडाग’ मात्र त्याच देवाच्या ‘थिंग्सुस’ या बिरुदावरून आले आहेत. ग्रहांवरून वारांची नावे ठेवण्याची पद्धती भारतातही रूढ असल्यामुळे मराठीत हाच वार मंगळाच्या नावाने ओळखला जातो. एकाच वाराच्या या नावांत युद्ध, ग्रह आणि सभा अशा तीन कल्पना शेजारी शेजारी आलेल्या दिसतात.

यानंतरचा महत्त्वाचा पुरावा इटलीत स्थायिक झालेल्या लोंबार्ड लोकांचा आहे. त्यांचा राजा रोथारी याने इ. स. ६४३ मध्ये लॅटिन भाषेत कायदा लिहवून घेतला. परंतु ज्या कल्पनांना लॅटिनमध्ये प्रतिशब्द नव्हते त्यांचे मूळ शब्द त्यात तसेच राहिले. ‘थिंक्स’ हा त्यांपैकी एक असून त्याचा अर्थ ‘दान’ असा दिलेला आहे. सभावाचक शब्दाला दानाचा अर्थ कसा आला, याचा उलगडा त्याच नियमात होतो. आपली मालमत्ता दुसऱ्याला द्यावयाची असल्यास ती गुप्तपणे देता येत नसे. स्वतंत्र पुरुषांच्या समक्ष द्यावी लागे. सभेसमोर केलेला व्यवहार म्हणून त्या व्यवहारालाच सभेचे नाव मिळाले. सभेकडून ‘सभेतील विषया’कडे जाणारी पहिली पायरी येथे डोळ्यांसमोर घडताना दिसते.

इंग्लंडमधील पुरावा याच शतकातील आहे. केंटचे राजे ह्लोथहेर व एड्रिक यांच्या सातव्या शतकातील कायद्यात, एकाने दुसऱ्यावर आरोप केला आणि तो त्याला सभेत किंवा ‘थिंग’मध्ये भेटला, तर आरोपिताने जामीन द्यावा व केंटच्या न्यायाधीशांचा निर्णय पाळावा, अशी तरतूद आहे. हा कायदा रॉचेस्टर येथे बाराव्या शतकात केलेल्या नकलेच्या रूपाने टिकला आहे. ‘थिंग’ म्हणजे न्यायसभा, हा अर्थ यात निःसंदिग्ध आहे.

सभेच्याही मागे जाता येते काय? चौथ्या शतकातील गॉथिक बायबलमध्ये ‘थीह्स’ असा शब्द असून त्याचा अर्थ ‘काळ’ असा आहे. ध्वनिदृष्ट्या तो ‘थिंग’चा सोदर ठरतो. यावरून ‘नेमलेली वेळ’ हा मूळ अर्थ आणि ‘नेमलेल्या वेळी भरणारी सभा’ हा त्यावरून आलेला अर्थ, असा क्रम सुचविण्यात आला आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ च्या सुमारास जर्मन लोकांविषयी जे लिहिले त्याशी हा क्रम चांगला जुळतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे आकस्मिक प्रसंग सोडल्यास हे लोक अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या सुमारास ठरलेल्या दिवशी जमत. शस्त्रे घेऊन बसत. शांतता राखण्याचा अधिकार पुरोहितांकडे असे. प्रस्ताव नापसंत झाल्यास कुजबूज करून तो झिडकारीत आणि पसंत पडल्यास भाले वाजवीत. मात्र सांगितलेल्या वेळेला सर्वजण एकदम येत नसल्यामुळे दोन-तीन दिवस वाट पाहण्यातच जात, अशी तक्रारही त्याने नोंदविली आहे. वेळेवरून नाव पडलेल्या सभेत वेळ पाळली जात नव्हती, हा योगायोग मनोरंजक खरा.

‘काळ’ या अर्थाच्याही पलीकडे जाऊन काही विद्वानांनी हे शब्दकुळ ‘ताणणे, पसरणे’ या अर्थाच्या धातूशी, म्हणजेच संस्कृतातील ‘तन्’ धातूच्या कुळाशी जोडले आहे. मूळच्या ‘त’चा जर्मानिकमध्ये ‘थ’ होतो, हा याकोब ग्रिम याने १८२२ साली मांडलेला नियम या जोडणीला अनुकूल आहे. तथापि ध्वनी जुळणे आणि अर्थाची साखळी सिद्ध होणे या भिन्न बाबी आहेत. ‘सभा’ हा अर्थ लेखांनी सिद्ध आहे, ‘नेमलेला काळ’ हा संभाव्य आहे आणि ‘ताणणे’ हे अनुमान आहे. ही तीन पातळ्यांची प्रतवारी पुढील विवेचनात विसरता कामा नये.

३

सभा या अर्थाने ‘थिंग’ शब्द स्कँडिनेव्हियात सर्वाधिक काळ टिकला. नॉर्वेतून आइसलंडमध्ये जाऊन वसलेल्या लोकांनी इ. स. ९३० च्या सुमारास ‘आल्थिंगी’, म्हणजे सर्वांचे थिंग, स्थापन केले. हे उघड्या मैदानावर भरे आणि त्या जागेला ‘थिंगवेल्लिर’, अर्थात थिंगची मैदाने, हे नाव मिळाले. तेथे ‘कायद्याचा खडक’ म्हणून ओळखला जाणारा उंचवटा होता. राजा नव्हता आणि आरंभी लेखी कायदाही नव्हता. कायदा मुखोद्गत असणारा ‘विधिवक्ता’ तीन वर्षांसाठी निवडला जाई व दरवर्षी कायद्याचा एकतृतीयांश भाग सर्वांना ऐकवी. कायदा लिहून काढण्याचे काम १११७-१८ च्या हिवाळ्यात सुरू झाले. ख्रिस्ती धर्म स्वीकारण्याचा निर्णयही इ. स. १००० च्या सुमारास याच ठिकाणी झाला. थिंगवेल्लिर येथील बैठका १७९८ पर्यंत चालल्या. १८०० मध्ये ही संस्था रद्द करण्यात आली आणि १८४५ पासून राजधानी रेक्याविक येथे ती पुन्हा भरू लागली. १९४४ मध्ये आइसलंडचे प्रजासत्ताक घोषित झाले तेही थिंगवेल्लिर येथेच.

नॉर्वेची संसद ‘स्टोर्टिंग’, डेन्मार्कची ‘फोल्केटिंग’ आणि फेरो बेटांची ‘ल्योग्टिंग’ या नावांत हाच शब्द आहे. आयर्लंड व इंग्लंड यांच्या दरम्यान असलेल्या आइल ऑफ मॅन बेटावरील ‘टिनवल्ड’ ही विधानसभाही मूळची ‘थिंगवोल्ल’, म्हणजे सभेचे मैदानच होय. स्कॉटलंडमधील डिंगवॉल, शेटलंडमधील टिंगवॉल आणि इंग्लंडच्या विरल भागातील थिंगवॉल ही गावांची नावे याच मुशीतील आहेत. जेथे जेथे नॉर्स वसाहती झाल्या तेथे तेथे त्यांनी सभेची जागा नेमली आणि सभा मोडल्यावरही नाव मागे राहिले.

डॅनिश भाषेने या शब्दाची केलेली वाटणी विशेष लक्षणीय आहे. तीत ‘टिंग’ हा शब्द सामान्यलिंगी असला तर त्याचा अर्थ ‘वस्तू’ असा होतो आणि नपुंसकलिंगी असला तर ‘सभा’ असा. एकाच शब्दाच्या जुन्या व नव्या अर्थांना भाषेने लिंगभेदाने दोन घरे करून दिली आणि दोघांनाही नांदविले. इंग्रजीत अशी वाटणी झाली नाही. तेथे धाकट्याने थोरल्याला घराबाहेर काढले.

या सभांचे चित्र रंगविताना मात्र अतिशयोक्तीचा मोह टाळला पाहिजे. थिंगमध्ये निर्णयाचा अधिकार स्वतंत्र पुरुषांना होता. दासांना व स्त्रियांना नव्हता. आइसलंडमध्ये तर मतदानाचा हक्क मुख्यतः सरदारवजा प्रमुखांच्या हाती होता. ‘लोकसभा’ हा आजचा शब्द त्या काळावर जसाच्या तसा बसविणे इतिहासाला धरून होणार नाही.

४

इंग्लंडमध्ये ‘सभा’ या अर्थाला लवकरच ओहोटी लागली. तेथे सभेला ‘गेमोट’ हा दुसरा शब्द होता व राजाच्या सल्लागारांची सभाही त्यावरूनच ओळखली जाई. जागा अशी भरलेली असल्यामुळे ‘थिंग’ हा शब्द दुसऱ्या दिशेने वाढला. प्राचीन इंग्रजीतच त्याचे ‘प्रकरण’, ‘व्यवहार’, ‘कृत्य’ आणि ‘वस्तू’ हे अर्थ सर्रास आढळतात. त्यापासून झालेल्या ‘थिंगियन’ या क्रियापदाचा अर्थ ‘मध्यस्थी करणे, तडजोड करणे’ असा होता आणि ‘थिंगेरे’ म्हणजे दुसऱ्यासाठी रदबदली करणारा. क्रियापदाने न्यायसभेची आठवण जपली, नामाने ती सोडली.

संक्रमणाची ही अवस्था वाङ्मयातही दिसते. ‘बेवुल्फ’ या प्राचीन महाकाव्याचा नायक ग्रेंडेल या राक्षसाशी आपण एकट्यानेच ‘थिंग’ भरविणार असल्याचे सांगतो. सभा भरविण्यासाठी रूढ असलेला हा शब्दप्रयोग येथे द्वंद्वयुद्धाला लावलेला आहे. ज्याच्याशी कोणताही कायदा चालत नाही अशा राक्षसाशी वाद मिटविण्याची ही न्यायसभा, असा त्यातील उपरोध आहे; आणि तो कळण्यासाठी श्रोत्यांना शब्दाचा जुना अर्थ माहीत असणे अवश्य होते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत एका निष्णात कायदेपंडिताचे वर्णन करताना तो ‘थिंग’ रचण्यात प्रवीण असल्याचे म्हटले आहे. येथे ‘थिंग’ म्हणजे कायदेशीर दस्तऐवज. सभेतून विषय, विषयातून व्यवहार आणि व्यवहारातून त्याचा कागद, अशी ही परंपरा आहे.

जुना अर्थ इंग्रजीत पुन्हा एकदा शिरला तो उत्तरेकडील आक्रमकांबरोबर. नॉर्स ‘हुस्थिंग’ म्हणजे घरातील सभा. सर्व लोकांची नव्हे, तर राजाने किंवा सरदाराने आपल्या अनुचरांपुरती बोलाविलेली. अँग्लो-सॅक्सन बखरीत १०१२ सालच्या नोंदीत डॅनिश सैन्याने कँटरबरीचा आर्चबिशप एल्फहेआह याला आपल्या ‘हुस्टिंग’मध्ये ओढत नेऊन हाडे व गुरांची मुंडकी फेकून मारल्याचे सांगितले आहे. पुढे लंडन शहराच्या न्यायालयाला हे नाव मिळाले. त्यावरून ते न्यायालय जेथे बसे त्या गिल्डहॉलमधील चौथऱ्याला. आणि अठराव्या शतकात, निवडणुकीचे उमेदवार ज्यावर उभे राहत त्या व्यासपीठाला. १८७२ च्या गुप्त मतदान कायद्याने उमेदवारांची नावे उघडपणे पुकारण्याची पद्धत बंद झाली व व्यासपीठ गेले. तरीही ‘हस्टिंग्ज’ हा शब्द निवडणूक प्रचार या अर्थाने आजही वापरला जातो. ज्या इंग्रजाला ‘थिंग’ शब्दात सभा दिसत नाही, तो ‘हस्टिंग्ज’ म्हणताना नकळत त्याच शब्दाने सभेचा उच्चार करीत असतो.

मुख्य शब्दाची वाटचाल मात्र व्यापकतेकडेच चालू राहिली. ‘एनी’, ‘सम’, ‘एव्हरी’ व ‘नो’ यांच्याशी जोडला जाऊन तो सर्वनामांचा घटक बनला. म्हणजे कोशातील स्वतंत्र शब्द व्याकरणाच्या यंत्रणेत दाखल झाला. अनेकवचनी ‘थिंग्ज’ला ‘चीजवस्तू, कपडेलत्ते’ हा अर्थ आला. माणसाला ‘थिंग’ म्हटले तर कीव किंवा तुच्छता व्यक्त होऊ लागली. या सर्व वापरात ‘विषय’ ही जुनी छटा एका ठिकाणी टिकून राहिली. बोलणाऱ्याला मुद्द्यावर यावयाचे असले म्हणजे तो ‘द थिंग इज’ असा आरंभ करतो. मराठीत अशा वेळी ‘गोष्ट अशी की’ असे म्हणतात. हे साम्य वरवरचे नाही, हे पुढे दिसून येईल.

५

सभेचा किंवा वादाचा वाचक शब्द वस्तुवाचक व्हावा, हा ‘थिंग’चा एकट्याचा चमत्कार असता तर त्याला अपवाद म्हणून सोडून देता आले असते. परंतु हीच वाट अनेक शब्दांनी चोखाळलेली आहे. लॅटिन ‘काउसा’ म्हणजे कारण व न्यायालयातील खटला. त्यापासून इटालियन व स्पॅनिशमध्ये ‘कोसा’ आणि फ्रेंचमध्ये ‘शोझ’ हे शब्द आले. त्या सर्वांचा अर्थ ‘वस्तू, गोष्ट’ असा आहे. जर्मनमध्ये ‘डिंग’च्या जोडीला ‘झाखे’ हा दुसरा वस्तुवाचक शब्द असून त्याचाही मूळ अर्थ ‘तंटा, खटला’ हाच होता. त्याचे इंग्रजी भावंड ‘सेक’ आज केवळ ‘च्यासाठी’ अशा अर्थाच्या वाक्प्रचारात उरले आहे. ‘एखाद्याच्या सेकसाठी’ म्हणजे मुळात त्याच्या वादात त्याच्या बाजूने उभे राहणे होय.

जर्मनमध्ये न्यायसभेचे अवशेष इतरत्रही विखुरलेले आहेत. ‘बेडिंगुंग’ म्हणजे अट; ‘डिंगेन’ म्हणजे मोलभाव करून चाकरीस ठेवणे; आणि ‘फेरटायडिगेन’ म्हणजे बचाव करणे. या शेवटच्या शब्दात तर ‘टाग’ म्हणजे दिवस आणि ‘डिंग’ म्हणजे सभा हे दोन्ही झिजलेल्या रूपात दडलेले आहेत. सुनावणीसाठी नेमलेला दिवस, हा त्याचा मूळ आशय. डच भाषेत खटल्याला आजही ‘गेडिंग’ म्हणतात.

सभेऐवजी ‘वाणी’पासून वस्तूकडे जाणारी दुसरी वाटही आहे. हिब्रूतील ‘दाबार’ म्हणजे शब्द आणि वस्तूही. पोलिश भाषेतील ‘झेच’ म्हणजे वस्तू. त्याचाच रशियन सोदर ‘रेच’ म्हणजे भाषण. पोलंडच्या राज्याच्या नावातील ‘झेचपॉस्पोलिता’ हे पद लॅटिन ‘रेस पुब्लिका’चे भाषांतर असून त्याचा अर्थ ‘सार्वजनिक बाब’ असा आहे.

या उदाहरणांतून अर्थपरिवर्तनाचा एक सामान्य क्रम हाती लागतो. प्रथम चर्चेचे स्थळ किंवा प्रसंग. मग जिची चर्चा होते ती बाब. मग जिची चर्चा होऊ शकेल अशी कोणतीही बाब. आणि शेवटी, चर्चा होवो न होवो, जे जे आहे ते सर्व. प्रत्येक पायरीवर अर्थाचा एकेक विशेष गळतो व शब्दाची व्याप्ती वाढते. येथे ‘अवनती’ हा शब्द गैरलागू ठरतो. नाव नसलेल्यालाही निर्देशिता यावे ही भाषेची खरीखुरी गरज असते, आणि ती भागविण्यासाठी ज्या शब्दाच्या वाट्याला सर्व प्रकारचे विषय आधीच येत होते तोच शब्द सर्वांत सोयीचा ठरतो. सभेसमोर गाय येई, शेताचा बांध येई, खून येई आणि लग्नाचा करारही येई. या सर्वांना सामावणारे नाव सभेकडे तयारच होते.

६

मराठीभाषकाला या क्रमाचा पुरावा शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. ‘गोष्ट’ हा शब्द त्याच्या जिभेवरच आहे. संस्कृत ‘गोष्ठ’ म्हणजे गायी उभ्या राहण्याची जागा. हा शब्द ऋग्वेदात आढळतो आणि मराठी ‘गोठा’ हा त्याचाच वंशज आहे. ‘गोष्ठी’ म्हणजे एकत्र जमलेली मंडळी आणि पुढे त्या मंडळींचे संभाषण. सांची व भट्टिप्रोळू येथील प्राचीन प्राकृत लेखांत बौद्ध स्तूपांना दान देणाऱ्या मंडळींचा निर्देश ‘गोठी’ या नावाने आलेला आहे. वात्स्यायनाने ‘कामसूत्रा’त नागरकाच्या विरंगुळ्यांत गोष्ठीची गणना केली आहे. ‘ज्ञानेश्वरी’त ‘गोठी’ हे रूप बोलणे, वृत्त, विषय अशा अर्थांनी वावरते. आजच्या ‘गोष्ट’ शब्दात ‘कथा’ आणि ‘बाब’ असे दोन्ही अर्थ नांदत आहेत. सुखदुःखाच्या गोष्टी करणे यात संभाषण आहे, आजीची गोष्ट यात कथा आहे आणि ‘ही काही साधी गोष्ट नव्हे’ यात केवळ बाब आहे.

मूळ अर्थ झिजतो ही जाणीव भारतीय वैयाकरणांनाही होती. संस्कृत व्याकरणपरंपरेत ‘गोगोष्ठ’ व ‘अविगोष्ठ’ असे शब्द साधलेले आहेत. पहिल्याचा अर्थ गायींची जागा, दुसऱ्याचा मेंढ्यांची. ‘गोष्ठ’ शब्दात गाय आधीच असताना तिला पुन्हा जोडावे लागले आणि मेंढ्यांच्या वाड्यालाही तोच शब्द लावता आला. याचा अर्थ, ‘गोष्ठ’मधील गाय बोलणाऱ्यांच्या मनातून तेव्हाच नाहीशी झाली होती. अर्थलोपाचा याहून स्वच्छ दाखला क्वचितच मिळेल.

‘थिंग’ आणि ‘गोष्ट’ यांत व्युत्पत्तीचे नाते काहीही नाही. नाते आहे ते केवळ अर्थाच्या वाटचालीचे. या वाटचालीतही भेद आहे. ‘थिंग’ न्यायसभेतून निघाला, ‘गोष्ट’ बोलण्याच्या बैठकीतून. म्हणून ‘थिंग’ दगडाधोंड्यापर्यंत पोचला आणि ‘गोष्ट’ने कथेचा पदर सोडला नाही. परंपरागत मराठीत मूर्त पदार्थाला ‘वस्तू’, ‘जिन्नस’, ‘चीजवस्तू’ म्हणतात. ‘टेबलावरील गोष्टी’ यासारखी रचना कानाला उपरी वाटते. इंग्रजी ‘थिंग’साठी सरसकट ‘गोष्ट’ योजणाऱ्या अनुवादकाने हा भेद ध्यानात ठेवणे हिताचे आहे. स्थळ पाहून ‘बाब’, ‘प्रकरण’, ‘पदार्थ’, ‘वस्तू’, ‘काम’ यांतून निवड करावी लागते आणि पुष्कळदा शब्द गाळूनच अर्थ साधतो.

न्यायसभेच्या अंगाने पाहता मराठीतील ‘महजर’ हा शब्द अधिक जवळचा आहे. अरबी भाषेत उपस्थितीचा, उपस्थितांच्या मेळाव्याचा वाचक असलेला हा शब्द मराठेशाहीच्या न्यायव्यवहारात गोतसभेच्या निवाड्याच्या कागदाला लावला जाई. त्या कागदात सभेला हजर असलेल्यांची नावे व निशाण्या असत. मेळाव्याचे नाव त्याच्या कागदाला मिळाले. चॉसरच्या कायदेपंडिताचा ‘थिंग’ही नेमका असाच कागद होता. दोन भिन्न कुळांतील भाषांनी परस्परांच्या संपर्कावाचून एकच पाऊल उचलले, याचे कारण व्यवहाराची जात एक होती.

७

आता आरंभी उल्लेखिलेल्या दुसऱ्या निष्कर्षाकडे वळता येईल. मूळ अर्थ हाच खरा अर्थ, या समजुतीची इंग्लंडमधील ठळक मूर्ती म्हणजे जॉन हॉर्न टूक (१७३६–१८१२). अमेरिकन वसाहतींच्या बाजूने लिहिल्याबद्दल त्याला कारावास झाला आणि तेथून १७७८ साली त्याने आपले पहिले भाषाविषयक लेखन प्रसिद्ध केले. न्यायालयाने आपल्याला एका क्षुल्लक अव्ययाच्या चुकीच्या अर्थावर दोषी ठरविले, असे त्याचे म्हणणे होते. शब्दांचा खरा अर्थ कळला तर सत्ताधाऱ्यांची लबाडी उघडी पडेल, ही त्याच्या व्युत्पत्तिशास्त्रामागील प्रेरणा होती. त्याच्या ‘डायव्हर्शन्स ऑफ पर्ली’ (१७८६–१८०५) या ग्रंथात ‘थिंक’ म्हणजे विचार करणे हे क्रियापद ‘थिंग’पासूनच काढलेले आहे. वस्तू मनावर उमटते तोच विचार, असा सिद्धांत त्यावर उभारण्यात आला. प्रेरणा आदरणीय होती. व्युत्पत्ती मात्र साफ चुकीची होती. ‘थिंक’ व ‘थिंग’ यांची जर्मानिक मूळरूपे भिन्न आहेत आणि त्यांतील साम्य केवळ ध्वनीचे आहे.

टूकची व्युत्पत्ती खोटी होती. जर्मनीत पुढे जे झाले त्यात व्युत्पत्ती खरी होती आणि म्हणूनच धोका अधिक होता. १९३३ नंतर नाझी राजवटीने ‘थिंग’ हा प्राचीन शब्द उकरून काढून त्याच्या नावाने उघड्यावर भव्य नाट्यगृहे बांधण्यास सुरुवात केली. हायडेलबर्गजवळील टेकडीवरचे असे रंगस्थळ १९३५ च्या जूनमध्ये गोबेल्सच्या हस्ते उघडले गेले. ज्या शब्दाच्या मुळाशी प्रस्ताव झिडकारण्याचा अधिकार होता, तो शब्द जेथे झिडकारणे अशक्य होते अशा जमावाला देण्यात आला. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात प्रचारखात्यानेच हा शब्द वापरण्यास मनाई केली आणि ती चळवळ ओसरली. रंगस्थळ मात्र टेकडीवर अद्याप उभे आहे. शब्द अस्सल होता, त्याचा जुना अर्थही खरा होता. परंतु सभेचे नाव घेतल्याने सभा निर्माण होत नाही.

तत्त्वज्ञानातही या शब्दाचा उपयोग झाला. मार्टिन हायडेगर याने १९५० साली ‘डिंग’ याच विषयावर दिलेल्या व्याख्यानात ‘एकत्र आणणे’ हा जुना आशय वस्तूच्या स्वरूपाचा विचार करण्यासाठी पुढे आणला. फ्रेंच विचारवंत ब्रूनो लातूर याने एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्याला सार्वजनिक वळण दिले. वस्तू म्हणजे केवळ निर्विवाद तथ्य नव्हे, तर ज्याभोवती माणसे वाद घालण्यासाठी जमतात तो विषय, असा त्याचा आग्रह होता. हे विचार उद्बोधक आहेत, यात संशय नाही. परंतु त्यांची सत्यता त्यांच्या युक्तिवादावर अवलंबून आहे. सातव्या शतकातील केंटच्या कायद्यात शब्द कोणत्या अर्थाने आला यावर नाही. तो कायदा त्या विचारांना दृष्टांत पुरवितो, प्रमाण पुरवीत नाही.

शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो आणि तो वापर प्रत्येक पिढी नव्याने ठरविते. इतिहास त्यावर आज्ञा चालवीत नाही. तो साक्ष देतो. ‘थिंग’च्या बाबतीत त्याची साक्ष अशी की, आज ज्याला अर्थ उरलेला नाही असे वाटते त्या शब्दामागे उघड्या मैदानावर जमलेली माणसे होती, त्यांच्यापुढे आलेले तंटे होते आणि सर्वांसमक्ष बोलल्यावाचून कोणताही व्यवहार पक्का न मानण्याचा दंडक होता. ‘गोष्ट’ची साक्ष काहीशी सौम्य असली तरी तिचा आशय हाच आहे. जगातील पदार्थांना सर्वसामान्य नाव देण्यापूर्वी माणसे त्यांच्याविषयी एकत्र बसून बोलत होती. सभा उठली, विषय मागे राहिला, आणि पुढे विषयही विस्मरणात जाऊन त्याचे नाव तेवढे सर्वांच्या तोंडी उरले.